आई गेली, पण रडू दुसऱ्याच कुणासाठी येतंय

दुसरीच्या_बाई (औसा तालुका)

नमस्कार. इथं मी दोन वर्षं नुसती वाचतेय, लिहिलं कधी नाही. आज लिहितेय, कारण हे घरात कुणाला विचारायची सोय नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. वय ३३. ज्येष्ठात माझी आई गेली. आम्ही तिला माय म्हणायचो, तेच लिहिते. सकाळी चुलीपुढं बसल्या जागी तिचं तोंड वाकडं झालं. लातूरला नेलं, अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती, बाराव्या दिवशी गेली.

सगळं रीतसर झालं. तेरणेच्या काठाला राख सावडली. दहाव्याला कावळा शिवेना, तासभर सगळे पावसात उभे. शेवटी भाऊ म्हणाला, "धाकटीचं लग्न मी करून देतो, काळजी करू नको," तेव्हा शिवला. पाव्हणेरावळे आले, बाया गळ्यात पडून रडल्या. मला रडू आलं नाही. बाकीच्यांबरोबर डोळ्यांतून पाणी आलं असेल, पण आत काही हललं नाही. मावश्या म्हणाल्या, थोरलीनं लई धीर धरला. धीर कसला, मी दूध किती लागेल त्याचा हिशोब करत होते.

तेराव्यानंतर आम्ही बहिणी मायची पेटी आवरायला बसलो. लुगडी, खणांचे तुकडे, गोळ्यांची रिकामी पाकिटं (ती माय का जपायची देव जाणे). तळाला एका पिशवीत कुंची निघाली. हिरव्या खणाची, लाल काठाची. कपाळावर येते तिथं मणी ओवलेले, तीनच. चौथ्या जागी सुई टोचून ठेवलेली, दोरा सुईतच. सुई गंजली होती. ओढून काढली तर खणावर तांबूस ठिपका राहिला. तिथं जे रडू फुटलं ते दोन दिवस थांबलं नाही. सगळ्यांना वाटलं, चला, आता आईचं दुःख बाहेर पडलं. मी पण तसंच वाटू दिलं.

मागचं सांगते. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात मला सातवा सरून आठवा लागला होता. डोहाळजेवण झालं होतं. दोन दिवस पोटात हालचाल कमी वाटली म्हणून दाखवायला गेलो तर सोनोग्राफीत ठोके नव्हते. कळा आणून बाळंतपण केलं. मुलगा होता. मला दाखवला नाही. सिस्टर म्हणाल्या, "बघू नका, मग डोळ्यांपुढून हलत नाही." मायही तेच म्हणाली. हे आणि माय त्याला घेऊन गावाकडं गेले, मी दवाखान्यातच. संध्याकाळी ह्यांनी येऊन एवढंच सांगितलं, "शेतात ठेवला." कुठं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पान्हा आला. मायनं तिच्या अंजिरी लुगड्याच्या पट्ट्या फाडून माझी छाती आवळून बांधली. ओली झाली की सोडायची, दुसरी बांधायची. बांधताना माझ्याकडं बघायची नाही, भिंतीकडं बघायची. आठवडाभर चाललं हे. त्याच्यावर आम्ही मायलेकी पुढं कधी एक शब्द बोललो नाही. सुतक नाही, दहावा नाही, कुणी भेटायला आलं नाही. जे आले ते "अजून वय काय झालंय तुझं" म्हणून चहा पिऊन गेले.

आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. तीन वर्षांची झाली की लेकरं तिथं बसतात. माझ्या हिशोबानं यंदाच्या कार्तिकात त्याला तीन पूर्ण झाली असती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ताईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली की ते नावं पुकारणं माझ्या वर्गात ऐकू येतं, आणि मी फळ्याकडं तोंड करून उभी राहते. परवा एक पोरगं म्हणालं, "बाई, पुढं लिवा की."

आणि आता येळवस तोंडावर आलीय. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या लातूर-धाराशिवकडं गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे. तीन येळवशी मी त्या रानात बसून जेवलेय आणि तिन्ही वेळा नजर फिरवलीय. लिंबाखाली असेल का? विहिरीकडं? बांधाला? पोरं खेळायला जिकडं पळतात तिकडं माझा जीव पळतो.

पाच महिन्यांपूर्वी गेलेल्या आईसाठी मला रडू येत नाही आणि ज्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही त्याच्यासाठी येतंय. मी मायला विसरले का? हे आजारासारखं काही आहे का? आणि ह्यांना जागा विचारू का नको?

---

सकारात्मक_नांदेड

ताई, झालं ते झालं. जुनं उकरून काढू नये, त्रास आपल्यालाच होतो. एक पारायण करा, मन गुंतवून ठेवा. देव पुढचं चांगलंच करील. दुसरं लेकरू झालं की सगळं विसराल.

---

गेवराईची (बीड)

नांदेडकर, तुमचा हेतू चांगला असेल. पण बाईंनी चहा पिऊन गेलेल्या लोकांबद्दल लिहिलंय ते परत एकदा वाचा.

---

वसमतकडचा (हिंगोली)

मॅडम, मी शेतकरी माणूस. माझं दुःख तुमच्यापुढं सांगायचं म्हणजे लाज वाटते, कारण ते माणसाचं नाही, बैलाचं आहे. तरी सांगतो, कारण न रडल्याचं तुम्ही जे लिहिलंय ते मला ओळखीचं वाटलं.

२०२२ च्या पोळ्याला खांदेमळणी केली, हळद-तूप लावलं, कानात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पंधरा दिवसांत सोन्याच्या अंगावर गाठी उठल्या. लंपी. डॉक्टर आले, शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा गाईबैलांना देत होते ती आधी दिली होती, इंजेक्शनं झाली, लिंबाचा पाला उकळून धुतलं. पायाला सूज उतरली, बसला तो उठला नाही. जेसीबीनं खड्डा घेतला, खाली मीठ-चुना, वर मीठ-चुना. पंचनामा झाला. सरकारनं बैलाला २५ हजार दिले. गावात लोक म्हणायचे, तुला पैसे तरी मिळाले.

मी रडलो नाही. घरात म्हातारा बाप, पोरं. बैलासाठी रडणारा बाप्या कसा दिसंल? मग रब्बीला शेजाऱ्याचा एक बैल मागून आणला आणि आमच्या राजाच्या जोडीला जुंपला. सोन्या नेहमी उजव्या अंगाला असायचा. नवा बैल उजवीकडं आणला की राजा जू सोडून तिरका व्हायचा, मान वळवून बघायचा आणि थांबायचा. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी तिफण सोडून बांधावर जाऊन बसलो. आमच्या घरात एवढं रडलेलं पाहिलेलं नव्हतं कुणी.

दोन वर्षांनी वडील वारले. तेव्हा तुमच्यासारखंच, एक टिपूस नाही. सगळ्यांना वाटलं, बैलासाठी रडला आणि बापासाठी नाही. मलाही तसंच वाटतं कधी कधी. त्याचं उत्तर मला सापडलेलं नाही, इथं कुणाला माहीत असंल तर वाचीन.

मालकांना विचारायचं म्हणता, तर विचारा. फक्त समोर बसवून "मला तुमच्याशी बोलायचंय" असं करू नका. आम्ही लोक तिथंच गप होतो. हातात काम असताना विचारा. वैरण टाकताना, मोळ्या बांधताना. हात चालू असले की तोंड उघडतं.

---

जुनं_गाव (किल्लारीकडचा)

मॅडम, वसमतच्या भाऊंनी बैलाचं सांगताना लाज वाटते लिहिलं, म्हणून मी आधी त्यांनाच लिहितो. भाऊ, दुःखाला असा मोजमाप लावायला आमच्याइतकं कुणी शिकलं नसेल. आणि ते मोजमाप आमच्या काही कामाला आलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. मी सतरा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती शिरवून आम्ही पोरं उशिरा परत आलो, गुलाल अंगावर तसाच, आणि घरी जाऊन दार वाजवायला नको म्हणून मारुतीच्या पारावर झोपलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आमची घरं म्हणजे दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर माळवद. दरसाल पावसाआधी माळवदावर मातीचा नवा थर द्यायचा, गळू नये म्हणून. बापजाद्यांपासून थरावर थर. ते सगळं खाली आलं. आई आणि धाकटी बहीण आत होत्या. बहीण अकरा वर्षांची. वडील रानात होते म्हणून वाचले.

मग पाऊस लागला. सरपण मिळेना. पडलेल्या माळवदांच्याच तुळया-सरं ओढून काढून त्यावर माणसं ठेवली, एका सरणावर कितीतरी. तिसरा-दहावा कुणाचा करणार, आणि कुणी करायचा? दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं म्हणतात. आम्हाला आकडे नंतर कळले. तेव्हा एकच आकडा चालायचा. कुणी भेटलं की विचारायचं, "तुमच्यातले किती?" मी सांगायचो, दोन. समोरचा सांगायचा, सात. शेजारच्या घरातले नऊ. नवाच्या पुढं दोघांसाठी रडायला मला तोंडच नव्हतं. आणि तो नऊवालाही रडत नव्हता, कारण त्याच्या पलीकडं आख्खं घर संपलेलं होतं, तिथं रडायलाच कुणी उरलं नव्हतं. अशी एकामागं एक रांग.

पुढं नवं गाव झालं. ५२ गावं अशी उठून नव्या जागी बसली. रुंद रस्ते, ओळीनं घरं, सरळ रेघ मारल्यासारखी. वाईट नाही, घरं पक्की आहेत, हात लावून बघा. पण कुणाच्या भिंतीला कुणाची भिंत लागून होती ते गेलं. आई जिच्या अंगणातून विस्तू आणायची ती म्हातारी चार गल्ल्या पलीकडं गेली. पांढरी, म्हणजे गावाची जुनी जागा, सुटली हो आमची. माणसं गेली त्याचं लोक बोलायचे, पांढरी गेली त्याचं कुणी बोलत नव्हतं, बोललं तर "नवं घर फुकटात मिळालं की" म्हणायचे. (वसमतचे भाऊ, तुमचे २५ हजार!) वडील वारेपर्यंत रोज संध्याकाळी जुन्या गावात जाऊन बसायचे. बाभळी उगवल्या होत्या. ते बाभळीतून बरोबर वाट काढायचे, हा अमक्याचा वाडा, इथं आपला उंबरा.

आता तुमच्या प्रश्नाचं. माझ्या बहिणीचा फोटो नाही. एकही नाही. ती मला 'दाडा' म्हणायची, द तिला म्हणता यायचा नाही शब्दाच्या मध्ये. ती कशी होती हे फक्त बघितलेल्या माणसांजवळ आहे. मागच्या साली माझी मावशी गेली, नव्वदीची होऊन, अंथरुणात, सुखानं. तिच्या दहाव्याला मी असा रडलो की मावसभावांना कळेना, ह्याला मावशीचा एवढा लळा कधी लागला. मला पण कळेना. गाडीत येताना हिशोब लागला. बहिणीला पाहिलेली माणसं मी मोजत होतो. मावशी होती तोवर सहा. आता पाच.

तुमच्या त्या लेकराला किती जणांनी बघितलं होतं, मॅडम?

---

समुपदेशक_संभाजीनगर

जुनं गाव, तुमच्या शेवटच्या ओळीनंतर खरं तर मी काही लिहू नये. पण बाईंनी "आजार आहे का" असं सरळ विचारलंय, तेवढ्याला उत्तर देते. मी हेच काम करते.

पाच महिन्यांत आईसाठी रडू न येणं हा आजार नाही. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, आधी नकार, मग राग, मग पुढचं, असं तुम्ही कुठंतरी वाचलं असेल आणि त्यात स्वतःला बसवून बघत असाल, तर सोडून द्या. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. माझ्यासमोर बसलेल्यांत त्या क्रमानं चालत आलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मला जास्त पटतं ते स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं. माणूस हेलकावे खातं. एकदा गेलेल्याकडं, एकदा समोरच्या कामाकडं, पुन्हा तिकडं. तुम्ही दुधाचा हिशोब करत होतात, तो एक हेलकावा होता. त्याला दगडाचं काळीज म्हणू नका.

डॉक्टर लोक लांबलेल्या दुःखाला आजार म्हणतात ते कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्याला निदान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत मोठ्या माणसासाठी वर्षाची. आणि नुसते महिने मोजून चालत नाही. रोजचं जगणं ठप्प होणं, त्या माणसावाचून दुसरं काही न सुचणं, आणि हे आपल्या रीतीरिवाजात बसतं त्याच्याही फार पलीकडं जाणं, असं सगळं बघतात. तुम्ही शाळेत जाताय, शिकवताय, फळ्याकडं तोंड करून का होईना.

बाळाचं वेगळं आहे. त्याला तीन वर्षं झाली हे खरं, पण त्याचं दुःख सुरूच कुठं झालं होतं? केनेथ डोका नावाच्या अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. समाज ज्याला दुःख मानतच नाही, ज्याला सुतक नाही, रजा नाही, भेटायला येणारं कुणी नाही, ते. आपल्याकडं यात विचित्र गोष्ट अशी की कायद्यानं तुमचं लेकरू मोजलंय. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मूल या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं होतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत जन्माची नोंद आहे. सरकारी कागदाला ते दिसलं, घराला दिसलं नाही.

सिस्टरनं बाळ दाखवलं नाही त्याचा राग आला तर येऊ द्या. बरेच जण तसंच सांगतात, चांगल्या मनानं. आता काही ठिकाणी आईला विचारतात, बघायचंय का, आणि ती म्हणेल तसं करतात.

झोप उडाली, जेवण तुटलं, जगू नये असं वाटायला लागलं, तर मात्र येळवशीची वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, केंद्र सरकारचा, फुकट, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. वसमतचे दादा, हे तुम्हालाही.

---

गेवराईची (बीड)

मघाशी एका ओळीत भांडून गेले. आता बसून लिहिते.

माझे वडील ऊसतोडीला जायचे. आई-वडील दोघं एका कोयत्यावर. मी नववीत असताना कर्नाटकातल्या फडावर होते. एक दिवस वडील टोळीत कुणाशी तरी भांडले, उचलीवरून, आणि बैलगाडीपाशी चप्पल सोडून अनवाणीच कुठंतरी गेले. परत आले नाहीत. तेव्हापासून आजपर्यंत. मुकादमानं दोन दिवस शोधलं, मग म्हणाला, उचल कोण फेडणार.

तुमच्याकडं कावळा शिवला, बाई. आमच्याकडं पिंडच ठेवता येत नाही. आई अजून कुंकू लावते. हळदीकुंकवाला गेली तर बाया एकमेकींकडं बघतात, लावावं का नाही. न बोलावावं तर तिचा नवरा मेल्याचं आपण ठरवलं असं होतं. सात वर्षं माणसाची खबर नसली की कायद्यात मेला असं धरता येतं. सात झाली तेव्हा चुलते म्हणाले, कोर्टातून करून घेऊ, जमिनीचं नाव लागेल. आई एवढंच म्हणाली, "मी मारू का त्यांना?" विषय संपला. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे.

त्या चपला आईनं आणल्या फडावरून. दाराच्या आतल्या अंगाला ठेवलेल्या असतात. दर दिवाळीत ती पुसते. मला आधी फार राग यायचा. लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं होतं, पाहुणे यायच्या आधी त्या काढ. काढल्या नाहीत. पाहुण्यांनी विचारलं, कुणाच्या, तर म्हणाली, मालकांच्या. एवढंच. आता मी माहेरी गेले की मीच पुसते.

तुम्ही विचारा ह्यांना. तुमचं माणूस कुठं आहे हे सांगणारं कुणीतरी आहे. आमच्याकडं तेवढंही नाही, म्हणून मी जरा जोरानं सांगतेय, राग मानू नका.

---

दुसरीच्या_बाई (औसा तालुका)

सगळ्यांचं वाचलं. दोनदा. जुनं गाव काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोघांनी. ह्यांनी आणि मायनं. (सिस्टर सोडून. त्यांना कुठं आठवत असणार.) म्हणजे ज्येष्ठापासून एकच.

हे मी त्या दिवशी इथं वाचल्यावर मोबाईल उलटा ठेवून बसून राहिले. विचारायचं धाडस तरी लगेच झालं नाही.

---

जुनं_गाव (किल्लारीकडचा)

घाई नाही मॅडम. पण मालकांचं वय झाल्यावर विचारू असंही करू नका. मी वडिलांना कितीतरी विचारायचं ठेवलं होतं.

---

दुसरीच्या_बाई (औसा तालुका)

परवा विचारलं. सांगते.

कोपीसाठी रानात कडबा उभा करत होते. मी एकेक पेंढी देत होते, हे लावत होते. सासूबाई घरी, पोरं नव्हती. वसमतच्या दादांचं ऐकून हात चालू असतानाच म्हटलं, "त्याला कुठं ठेवलाय?"

हात थांबला नाही. दोरी ओढली, गाठ मारली, पुढची पेंढी मागितली. मग म्हणाले, "विहिरीच्या वरच्या अंगाला. बोरीच्या बुडाशी." दर येळवशीला आंबील शिंपत 'ओलगे ओलगे' म्हणत हे रानाला फेरी घालतात, तेव्हा बोरीपाशी जरा वेळ थांबतात. मला तीन वर्षं वाटायचं, धाप लागते.

मी म्हटलं, गुंडाळलं कशात होतं? तर म्हणाले (मायला हे मामी म्हणायचे), "मामींनी कुंची आणली होती पिशवीत, पण ती पुरी झाली नव्हती. अर्धवट कुंची घालू नये म्हणाल्या. मग अंगावरचं लुगडं फाडलं, अर्धं. अंजिरी. उरलेलं नेसून तशाच परत दवाखान्यात आल्या तुझ्याकडं, वर शाल घेऊन."

माझ्या छातीला बांधलेल्या पट्ट्या त्याच लुगड्याच्या उरलेल्या अर्ध्यातल्या. मला वाटलं होतं घरातलं जुनेरं असेल.

बराच वेळ आम्ही कडबा लावला. तिसरी बाजू होत आली तेव्हा मी विचारलं, "कसा होता?" ह्यांनी पेंढी खाली ठेवली. पहिल्यांदा हात थांबले. म्हणाले, "मामींवर होता. हे असं कपाळ," आणि हातानं स्वतःच्या कपाळावर दाखवलं, रुंद. "मामी बघून म्हणाल्या, माझंच तोंड घेऊन आला की गं बाई." माझ्याशी बोलल्यासारखं म्हणाली असणार ती. मी तर तिथं नव्हतेच.

बोरीपाशी गेलो नाही. येळवशीला जाऊ असं ठरलं, दोघंच, भज्जी वाढायच्या आधी. कुंची न्यायची का ठेवायची ते अजून ठरत नाहीय. सुई मात्र मी नवी आणलीय.

रात्री धाकटीला फोन केला, उगाच, येळवशीला ये म्हणायला. ती हॅलो म्हणाली आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. ती घाबरली. "ताई? ताई, काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "माय गेली गं."